देवकीमावशीचा चिखल

गेल्या महिन्यात नाशिकला एका मैत्रिणीबरोबर जनावरांच्या दवाखान्यात गेले होते. तिच्या कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आतल्या खोलीत काचेची मोठी टाकी, टाकीत कोमट पाणी, पाण्याखाली सरकता पट्टा आणि त्या पट्ट्यावर तो धिप्पाड लॅब्रॅडॉर परीक्षेला बसल्यासारखा गंभीर चेहरा करून चालत होता. पांढऱ्या कोटातली मुलगी समजावून सांगत होती, "पाण्यामुळे अंगाचा भार हलका होतो, सांध्यावर ताण येत नाही. आणि प्रत्येक पाऊल उचलायला जोर लावावा लागतो, म्हणून पाय भरतो." मैत्रीण भारावून ऐकत होती. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. कारण हे सगळं, ह्याच क्रमानं, मी जव्हारजवळच्या दाभोशाच्या एका भातखाचरात पोटरीभर चिखलात उभी राहून ऐकलं होतं. सांगणारीला सहीसुद्धा करता येत नव्हती.

तिचं नाव देवकी. आम्ही सगळे देवकीमावशी म्हणायचो. जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गालात तंबाखूची गोळी आणि नजर अशी की समोरच्यानं आपण काय चोरलं ते आठवू लागावं. जव्हारच्या जनावरांच्या दवाखान्यात ती बरीच वर्षं रोजंदारीवर झाडलोट करायची. तिथे एक तरुण डॉक्टर आला होता. लंगड्या, लुळ्या जनावरांना व्यायाम देऊन उभं करायचं शास्त्र तो कुठूनसं शिकून आला होता, आणि कुत्रं धरायला त्याला देवकीमावशीशिवाय दुसरं कुणी मिळत नसे. दोन-तीन वर्षांत त्याची बदली झाली. शास्त्र मात्र मावशीजवळ राहिलं. पुढे तिनं काम सोडलं तरी लोक कुत्री घेऊन तिच्या गावी, दाभोशाला, जातच राहिले.

मी गेले ती ठकीला घेऊन. ठकी म्हणजे आमची तांबडी कुत्री, शिरपामाळावर पर्यटकांच्या भज्यांवर वाढलेलं पिल्लू. मी जव्हारच्या आमच्या शाळेची सहल घेऊन गेले आणि येताना मुलं मोजली तर एक जास्त भरलं, अशी ती घरात आली. मे महिन्यात जव्हारच्या नाक्यावर रिव्हर्समध्ये येणाऱ्या जीपनं तिला धडक दिली. मागचे दोन्ही पाय गेले. दवाखान्यातले नवे डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, मार मणक्याला आहे. औषध मी देतो. पण पाय वापरात आले नाहीत तर ती फरफटत राहील, घासून जखमा होतील आणि चिघळतील. नागपंचमीपर्यंत उभी राहिली नाही, तर सुईचा विचार करा." सुई म्हणजे काय ते मला कळलं. आमच्या ह्यांनाही कळलं, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ठकीला माझ्या मुलाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन दाभोशाची जीप धरली. जीपमधल्या बाया म्हणाल्या, "बाईंनी कुत्रीला पन शीट काढली!" मी कुणाकडे पाहिलं नाही. मावशीच्या अंगणात पोचले, तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "खाली ठेव तिला."

"अहो मावशी, तिचे पाय..."

"पाय बगायलाच सांगते. खाली ठेव."

मी ठेवलं. ठकी पुढच्या दोन पायांवर फरफटत माझ्याकडे यायला लागली, मागचं धड ओलं पोतं ओढावं तसं मागे. मी वाकले तर मावशीनं माझा हात बाजूला केला. मग उकिडवी बसली, ठकीच्या मागच्या पायाचं एक बोट नखांच्या चिमटीत धरलं आणि असं काही पिरगळलं की बघून माझ्याच अंगावर काटा आला. काही झालं नाही. तिनं आणखी जोर लावला. ठकी गर्रकन वळली आणि मावशीच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मी किंचाळले. आणि ही बाई हसत होती! उरलेले सगळे दात दाखवून हसत होती.

"चावली! म्हंजे तिला कळला. पायाची खबर डोक्यात जाते अजून. चालंल ही."

तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. तहसीलदार असो की मी, सगळ्यांना तू. पहिल्या दिवशी माझ्यातली मास्तरीण जरा दुखावली होती. नंतर कुणी तिथे मला 'तुम्ही' म्हटलं असतं तर परकं वाटलं असतं.

उरलेल्या सुट्टीभर मी दिवसाआड जात होते. मावशी ठकीला कुशीवर निजवायची, मिठाच्या पुरचुंडीनं कंबर शेकायची, मग एकेक पाय दुमडायची, उघडायची. घाई नाही, दांडगाई नाही. तळपायाखाली कधी वाळू घासायची, कधी पेंढा, कधी गोणपाट, कधी नदीतला गोटा. "पायाला जमीन इसरली हाय. आठवन करून द्यावी लागते." जुन्या लुगड्याची पट्टी ठकीच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं वर धरायची आणि तिला चार पायांवर उभं करायची. अन्नाची थाळी उंच दगडावर. खायचं तर उभं राहूनच खायचं. पुढे अंगणात बांबूच्या काठ्या ओळीनं आडव्या मांडल्या, एकेक काठी ओलांडत पाऊल टाकायचं. ठकी दमून धापा टाकेल तेव्हा थांबेल असं मला वाटायचं, पण मावशी त्याच्या आधीच थांबायची. "दमायच्या आधी सोडायचा. दमलेला जनावर खोटा चालतो, आन खोटा चालला का तोच शिकतो." मी पंधरा वर्षं शिकवत होते. बी.एड.ला कुणी हे मला सांगितलं नव्हतं.

तिच्या उपायांच्या गोष्टी गावभर चालत. जव्हारच्या एका साहेबांचं पांढरंशुभ्र केसाळ कुत्रं होतं, इतकं लठ्ठ की त्याला जिना चढवेना. मावशीनं त्याला बघितलं, मग साहेबांकडे बघितलं आणि सांगितलं, दोघांनी रोज सकाळी टेकडी चढायची, कुत्र्यानं एकट्यानं नाही. साहेब रागावले, पण कुत्र्यावर जीव होता. दिवाळीपर्यंत दोघांचीही पोटं आत गेली. एका दुकानदाराच्या मांजरीचा पुढचा पाय मोडून जुळला होता, पण ती तो वापरायला तयार नव्हती. मांजरीला कोण सांगणार? मावशीनं सुका बोंबील दोऱ्याला बांधून वळचणीला टांगला, बरोबर त्या पायानं मारला तरच हाताशी येईल असा. तीन दिवस मांजर दोऱ्याला शिव्या देत होती. चौथ्या दिवशी बोंबील गायब.

एवढं सगळं होतं, पण घरात मात्र तिनं मला कधी बोलावलं नाही. ओसरीच्या निम्म्या भागाला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. पाणी, कोरा चहा, सगळं अंगणात. मी आपली समजूत घातली की जव्हारची बाई आपल्या घरात बसेल का, असा तिला संकोच असेल. माझ्या मोठेपणाचंच मला कौतुक वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं!

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि माझं जाणं रविवारवर आलं. घरी मी व्यायाम घ्यायचे, घेतेय असं सांगायचे. खरं सांगायचं तर ठकी माझ्याकडे मान वर करून बघायची आणि माझं काळीज पाण्यासारखं व्हायचं. तिला उचलून अंगणात न्यायचं, उचलून आणायचं, थाळी तोंडाशी. आठवडाभर उभं राहण्याची गरजच तिला पडली नाही. आषाढ लागला त्या रविवारी मावशीनं तिला पट्टीत उभं केलं आणि पट्टी सैल सोडली. आधीच्या आठवड्यात ठकी दहा-बारा श्वास उभी राहिली होती. आता बसकन खाली बसली आणि मान वर करून माझ्याकडे बघायला लागली.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या साडीवर कमरेशी तांबडे केस होते.

"उचलतेस तिला."

"एखाद्या वेळी. मावशी, तिला त्रास होतो."

"तिचं पाय खाल्लंस तू. जीपवाल्यानं नाय, तू. तुज्या मायेनं खाल्लं."

नागपंचमी जवळ आली होती, मी आधीच आतून धास्तावलेली. माझा तोल गेला. मी ओरडले, "तुम्हाला माया काय कळणार! जनावर कळवळतं आणि तुम्ही हसता. घरात कुणाचं केलंय का कधी?"

बोलले आणि लगेच वाटलं, जीभ चावावी. मावशीनं हातातली पट्टी खाली टाकली. तिनं माझं मनगट धरलं, मला ओसरीवर नेलं आणि तट्ट्या बाजूला सारला.

आत बाजेवर एक माणूस होता. स्वच्छ धुतलेली बंडी, नीट विंचरलेले पांढरे केस, आणि कमरेखाली घोंगडीत दोन गुडघे छातीकडे दुमडलेले. पोटातल्या मुलाचे असतात तसे. इतक्या आठवड्यांत मी दहा हातांवर बसून चहा प्यायले होते आणि तिथे एक माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या माणसानं मात्र मला हात जोडले. "बस ना बाई," तो म्हणाला, "ह्या कुत्रीला मी रोज बगतो. तट्ट्याला भोक हाय."

ते जानूबाबा, मावशीचे यजमान. अकरा वर्षांपूर्वी भिवंडीला बांधकामावर वरच्या मजल्यावरून पडले होते. मावशी बाजेच्या पायाशी उभी राहून सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तशी.

"दवाखान्यात सांगला, पडून ऱ्हाऊ दे, हलवू नको. किती दिस, ता त्यांनी सांगला नाय. मी इचारला नाय. मोठ्या दवाखान्यात आपन काय इचारायचा? मी घरी आनला आन पडून ऱ्हाऊ दिला. न्हाऊ घालते, भरवते, भाकरीचा तुकडा मोडू देत नाय. पाय भुईला लावू दिला नाय. सगळा पाडा सांगायचा, बाई असावी त देवकीसारखी. मला बरा वाटायचा."

चार वर्षं तसं चाललं. मग ती दवाखान्यात झाडायला लागली आणि त्या तरुण डॉक्टराला एका कुत्र्याचे पाय दुमडून उघडताना तिनं बघितलं. तिनं विचारलं, माणसालाही असंच असतं का? डॉक्टर म्हणाला, असंच असतं, फक्त लवकर सुरू करावं लागतं, नाहीतर सांधे आखडतात, मग उघडत नाहीत.

"सांजच्याला घरी आले. ह्याचा गुडगा धरला. उघडाया गेले, हा गुरावानी वरडला. उघडला नाय. परत मी हात लावला नाय." तिनं घोंगडी सारखी केली. "त्याला मणक्यानं लुळा केला नसंल. मी केला."

जानूबाबा वरच्या आढ्याकडे बघत होते. 'असं नसतं हो मावशी' म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण कदाचित तसंच होतं. खरोखर किती तिच्यामुळे आणि किती पडण्यामुळे, हे कुणी तपासलंच नव्हतं. जीपमध्ये ठकीला पहिल्यांदाच मांडीवर न घेता पायाशी बसवलं आणि सबंध रस्ता रडत आले.

त्यानंतर मी ठकीला उचललं नाही. शाळेतून आल्यावर स्वयंपाकाआधी व्यायाम. ती कुईकुई करायची, मी दात आवळून पट्टी धरायचे. आमच्या ह्यांनी तर गॅलरीत बांबू मांडले. शेजारणीनं विचारलं, घराला मांडव घालताय का?

आषाढात गावात आवणी सुरू झाली. राबातली, म्हणजे रोपांच्या वाफ्यातली, भाताची रोपं उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरांत माणसं ओणवी होऊन लावत होती. मावशी दर वर्षी घराजवळचं एक खाचर सगळ्यात शेवटी लावायची. तोपर्यंत ते कुत्र्यांचं. नांगरून, पाणी बांधून, लोण्यासारखा मऊ केलेला चिखल. "चिखल सांभाळतो, पडू देत नाय. आन फुकट पन सोडत नाय. पाय उचलायचा त ओढून काढावा लागतो, तवा जोर येतो." सगळ्यांची आवणी उरकत आली तरी ती कुत्री चालवत असायची आणि बांधावरून जाणारे टोमणे मारायचे, "देवकी, यंदा कुत्री लावतेस का भात?" ती ठकीच्या पोटाखाली पट्टी धरून चालत राहायची. प्रत्येक रविवारी तिची पट्टी थोडी अधिक सैल होती.

अशात आमच्या ह्यांची नाशिकला बदली झाली. सामान बांधलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मी जीप ठरवून शेवटची दाभोशाला गेले. नागपंचमीला चार दिवस राहिले होते.

मावशीनं ठकीला चिखलात एक फेरी मारायला लावली. मग बांधावर आणलं आणि मला समोर दहा पावलांवर उभं केलं. "बोलवू नको. नुसती ऱ्हा." तिनं पट्टी काढून घेतली. ठकी हलली, मागचं धड डावीकडे झुकलं, मला वाटलं गेली. पण ती पडली नाही. एक पाय टाकला, मग दुसरा, दारू प्यायल्यासारखी डुलत, चिखलानं माखलेली, चारही पायांवर माझ्यापर्यंत आली आणि माझ्या चपलेवर बसली. मी भर बांधावर हमसाहमशी रडले. मावशी तंबाखू मळत होती. "शेपूट बग," म्हणाली, "हालते."

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. तट्ट्या पडला होता, की हातानं पाडला होता, कोण जाणे. जानूबाबा कोपरांवर उठून बसले होते.

"देवके, मला बी घाल चिखलात."

मावशीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. मग ती पहिल्यांदा मला म्हातारी दिसली. "तुजं पाय नाय उघडत आता," ती हळू म्हणाली. "लय उशीर केला मी. मी सांगला ना तुला."

"पाय कशाला?" बाबा म्हणाले. "आवणी काय पायानं करतात?"

मला जो धक्का बसला तो आजही गेलेला नाही. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. मावशीनंही बघितलं. ते दोन्ही हात चांगले होते. अकरा वर्षं चांगलेच होते. पडले तेव्हाही त्यांना काही झालं नव्हतं. तिनं घास भरवला, केस विंचरले, भाकरी मोडून दिली आणि त्या हातांना कुणी काही मागितलंच नाही. तिनं नाही, गावानं नाही, त्यांनी स्वतःही नाही.

आम्ही त्यांना घोंगडीत घालून नेलं. जीपचा ड्रायव्हर खाली उतरून मदतीला आला. खाचराच्या कडेला चिखलात बसवलं तेव्हा ते कमरेपर्यंत आत गेले, दुमडलेले पाय एका बाजूला कलून चिखलात दिसेनासे झाले. मावशी मागून त्यांच्या काखेत हात घालून उभी होती, ते कलंडतील म्हणून. ते कलंडले नाहीत. चिखलानं त्यांना धरलं होतं. थोड्या वेळानं तिनं एक हात काढला, मग दुसरा.

बाबांनी बांधावर ठेवलेली रोपांची एक मूठ ओढून सोडली. तीन-चार काड्या वेगळ्या केल्या, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात रोवल्या. पुन्हा तीन-चार. बोटं सावकाश चालत होती, पण अंतर बरोबर होतं. हाताच्या टप्प्यातली जागा भरली की दोन्ही तळवे चिखलात टेकून ते वीतभर मागे सरकायचे आणि पुन्हा लावायचे. बांधावर येणारे-जाणारे थांबले. टोमणा कुणीच मारला नाही. एक बाई तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

मावशीला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. तोंड उघडं टाकून नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होती. "हात त होतं रं तुला," एवढंच म्हणाली.

"मूठ दे," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मी निरोप घ्यायला म्हणून दोन हाका मारल्या, पण तिनं वळून पाहिलं नाही. बाबांची मूठ संपत आली होती. ती चिखलातून घाईघाईनं राबाकडे निघाली होती, दुसरी आणायला.